बंदुकीची पावसाळी बेगमी

मृग नक्षत्र लागण्यापूर्वीच्या पंधरवड्यात रत्नागिरी जिल्ह्यातील कोणत्याही जुन्या घरी गेले असता बेगमीची लगबग दृष्टीस पडते : लाकूडफाटा पडवीत रचला जातो, सुके मासे आणि आमसुले बरण्यांतून बंद होतात, आणि पश्चिमेच्या अंगाला नारळाच्या झावळ्यांची झड बांधून पावसाच्या माऱ्याला आडोसा केला जातो. या बेगमीत एक जिन्नस असा असतो की त्याचा उच्चार सहसा होत नाही, कारण तो सर्वांच्या घरी नसतो आणि ज्यांच्या घरी असतो त्यांना त्याचा बोभाटा नको असतो. तो जिन्नस म्हणजे शेतसंरक्षणासाठी सरकारी परवान्यावर बाळगलेली ठासणीची बंदूक. आंब्याच्या कलमांवर उतरणारी माकडे आणि भाताच्या खाचरांत शिरणारी रानडुकरे यांना आवाजाने पिटाळून लावणे हे तिचे नित्याचे काम. आणि चार महिने गंजू न देता तिला दसऱ्यापर्यंत पोचवणे हे तिच्या धन्याचे. या जुन्या बंदुकीच्या शेजारी अलीकडे एक नवी, खेळातली बंदूक येऊन उभी राहिली आहे. ती विजेच्या बॅटरीवर चालते, प्लास्टिकच्या वाटोळ्या गोळ्या झाडते, आणि गणपतीच्या सुट्टीत पुण्या-मुंबईहून येणाऱ्या तरुण मंडळींच्या सामानातून क्वचित गावापर्यंत पोचते. दोघींच्या वयात शतकांचे अंतर असले तरी कोकणचा पावसाळा दोघींनाही एकाच न्यायाने वागवतो, असे मला त्यांची निगा राखणाऱ्यांच्या संगतीत काही काळ घालवल्यावर दिसून आले.

पावसाचे आकडे सर्वश्रुत आहेत. रत्नागिरीस वर्षाकाठी सरासरी ३,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळून जातो. परंतु बंदुकीच्या दृष्टीने ही बाब गौण होय; तिचा खरा वैरी पाऊस नसून मीठ आहे. नैर्ऋत्येचा वारा खवळलेल्या समुद्रावरून येताना खारे तुषार घेऊन येतो, आणि त्यांतले पाणी उडून गेले तरी क्षाराचा सूक्ष्म थर भिंतीवर, कौलांवर, खिडकीच्या गजांवर आणि बंदुकीच्या नळीवर बसतो. या मिठाचा एक गुण असा की हवेतील सापेक्ष आर्द्रता सुमारे ७५ टक्क्यांच्या वर गेली की ते हवेतलेच पाणी ओढून घेऊन आपोआप विरघळू लागते; आणि भाट्ये, मांडवी, मिऱ्या या किनाऱ्यावर आषाढ-श्रावणात आर्द्रता त्या मर्यादेखाली फारशी येतच नाही. तात्पर्य, पाऊस उघडला, ऊन पडले, हाताला लोखंड कोरडे लागले, तरी डोळ्यांना न दिसणाऱ्या त्या खाऱ्या ओलाव्यात गंजाचे काम अहोरात्र चालू असते. भर पावसात भिजून आलेली बंदूक लगोलग पुसली गेली तर वाचते, आणि पावसाचा एक थेंबही अंगावर न पडलेली बंदूक कपाटात राहून खराब होते, या विरोधाभासाचे मूळ इथे आहे.

आमच्या पूर्वजांना आर्द्रतेचे टक्के ठाऊक नसले तरी तिचा स्वभाव पुरेपूर ठाऊक होता. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात, जे १७१५-१६ च्या सुमाराचे मानले जाते, दुर्गांचा बंदोबस्त सांगताना दारूखान्याविषयी जी तजवीज लिहिली आहे ती आजच्या कोणाही शस्त्रबाळग्याने मुळातून वाचावी अशी आहे. दारूखाना राहत्या घरांच्या लगत नसावा, दारू माचावर ठेवावी, तिला सर्दी लागू देऊ नये, आणि आठ-पंधरा दिवसांनी हवालदाराने येऊन दारू, बाण आदी जिन्नस बाहेर काढवून, त्यांस ऊन देऊन, फिरून मोहोर करून ठेवावे, असा तिचा आशय आहे. यात मला विशेष वाटते ते मुदतीचे. अमात्यांनी साठवणीची जागा कितीही उत्तम सांगितली असली तरी त्या जागेवर विसंबून राहण्याची मुभा दिलेली नाही. आठ-पंधरा दिवसांनी उघडून पाहण्याची सक्ती केली आहे.

ही सक्ती निष्कारण नव्हती. तोड्याच्या बंदुकीत जळती जामगी कानावरच्या रंजकीला लावून बार उडवावा लागे, आणि जामगी विझली किंवा रंजक ओली झाली तर हाती धरलेली बंदूक नुसता दांडका ठरे. मराठ्यांच्या स्वाऱ्या दसऱ्याला सीमोल्लंघन करून निघत, त्याला नद्यांचे पूर, चिखल, घोड्यांची दाणावैरण ही मोठी कारणे होती, हे खरे. तथापि ओल्या दारूचे कारणही त्यांत धरलेच पाहिजे. खंडेनवमीचे शस्त्रपूजन नेमके पावसाळा सरताना येते, आणि शस्त्रे पूजेला मांडायची तर ती आधी घासूनपुसून स्वच्छ करावी लागतात, या योगायोगाकडे मी तरी केवळ योगायोग म्हणून पाहू शकत नाही. पावसाची उपेक्षा केल्यावर काय होते याचा दाखला २३ जून १७५७ रोजी प्लासीच्या मैदानावर मिळाला. दुपारी मोठी सर आली तेव्हा इंग्रजांच्या कंपनीने आपला दारूगोळा ताडपत्र्यांखाली झाकला; नबाब सिराजुद्दौल्याच्या बाजूस तशी व्यवस्था नव्हती, आणि आपल्यासारखीच शत्रूचीही दारू भिजली असेल या समजुतीने पुढे सरसावलेल्या नबाबाच्या लोकांना कोरड्या तोफांचा मारा सोसावा लागला. त्या दिवशीचा निकाल मुख्यतः फितुरीने लावला हे शाळकरी मुलालाही माहीत असते. पण त्या निकालात ताडपत्रीचाही वाटा होता.

ओल्या रंजकीच्या या व्याधीवर उपाय निघाला तो स्कॉटलंडमधल्या एका धर्मोपदेशकाकडून. अलेक्झांडर फोर्सिथ हे त्यांचे नाव. त्यांना बदकांच्या शिकारीचा नाद होता, आणि रंजक पेटतानाचा भडका पाहून पक्षी सावध होत याचा त्यांना उबग आला होता. आघाताने पेट घेणाऱ्या क्षारांचा उपयोग करून त्यांनी १८०७ साली पेटंट मिळवले, आणि त्यातूनच पुढे तांब्याची इवलीशी टोपी निघाली. घोडा त्या टोपीवर आदळतो, टोपीतला मसाला पेटतो, ठिणगी नळीत जाते. उघड्यावर रंजक ठेवण्याचे काम उरत नाही. कोकणातली ठासणीची बंदूक आजही याच तत्त्वावर चालते.

तिची निगा मी पावस गावाच्या बाजूला एका बागायतदारांच्या पडवीत जवळून पाहिली. सकाळी माकडांवर हवेत दोन बार काढून झाले होते. चुलीवर पाण्याचे आधण ठेवलेले होते, ते चहासाठी असावे असा माझा समज झाला. परंतु गृहस्थांनी बंदूक रिकामी असल्याची खात्री करून, टोपी बसण्याची निपलाची जागा मोकळी केली आणि ते कढत पाणी नरसाळ्याने सरळ नळीत ओतले. खालून शाईसारखे काळे, कुजक्या अंड्याच्या वासाचे पाणी आले. दुसऱ्या तांब्याला ते करडे झाले, तिसऱ्याला स्वच्छ. मग गजाला फडके गुंडाळून नळी आतून पुसली, आणि पाण्याच्या उष्णतेने तापलेली नळी उभी करून निथळत ठेवली, म्हणजे उरलेली ओल तिच्याच उबेने उडून जावी. शेवटी शिलाईयंत्राच्या तेलाचा हात फिरवला. खोबरेल का नको, असे मी विचारले तेव्हा, ते थंडीत गोठते आणि जुने झाले की चिकटून बसते, असे त्यांनी सांगितले; घरी ढीगभर नारळ असलेल्या माणसाकडून हे ऐकताना मला मौज वाटली.

बंदुकीत पाणी ओतावे हे प्रथमदर्शनी विपरीत वाटते, पण त्यामागे पक्के रसायन आहे. काळ्या दारूत सुमारे ७५ भाग सोरा, १५ भाग कोळसा आणि १० भाग गंधक असतो, आणि ती जळाल्यावर तिचा निम्म्याहून अधिक अंश वायू न होता घन रूपात उरतो आणि त्यातला काही भाग क्षारांच्या रूपाने नळीत मागे राहतो. हे क्षार दमट हवेतले पाणी शोषतात आणि नळी आतून खातात. तेल त्यांना विरघळवीत नाही. उलट त्यांच्यावर तेलाचा थर दिला तर क्षार खाली सुखरूप राहतात आणि आपले काम करीत बसतात. पाणीच त्यांना काढू शकते, आणि पाणी काढले की मग तेल. हा क्रम उलटा झाला की बंदूक गेली. आणखी एक गोष्ट त्या गृहस्थांनी निक्षून सांगितली : भरलेली बंदूक खुंटीला टांगून ठेवायची नाही. दमट हवेत आतला बार सर्दावतो, नळी त्या जागी गंजते, आणि महिन्याभराने कोणी ती उडवू गेला तर फुसका बार निघेल की नळी फाटेल, हे कोणी सांगावे.

कायद्याने या बंदुकीला स्वतंत्र स्थान दिले आहे. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाच्या तेराव्या कलमात, खऱ्याखुऱ्या शेतसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना देण्याची तरतूद आहे, आणि ठासणीची बंदूक त्या कामास पुरी पडणार नाही अशी परवाना अधिकाऱ्याची खात्री झाली तर आटे नसलेल्या नळीची दुसरी बंदूक मंजूर करण्याचीही सोय ठेवलेली आहे. निवडणूक लागली की परवान्याची शस्त्रे ठाण्यात जमा करून घेण्याची चाल आहे. त्या वेळी परक्या कोठडीत राहून आलेली बंदूक घरी आणल्यावर प्रथम आतून पाहावी, एवढेच इथे सांगतो.

आता त्या नव्या पाहुणीकडे वळतो. खऱ्या बंदुका बाळगण्यावर कडक निर्बंध असलेल्या जपानात १९७० नंतरच्या दशकात हुबेहूब दिसणाऱ्या खेळातल्या बंदुकांचा छंद फोफावला, आणि १९९१ साली टोकियो मारुई या कंपनीने फ्रेंच फामास रायफलीच्या घाटाची, विजेच्या मोटरीवर चालणारी बंदूक बाजारात आणली. तिचे इंग्रजी नाव एअरसॉफ्ट. बॅटरी मोटर फिरवते, मोटर दातेरी चाके फिरवते, चाके दट्ट्याला मागे ओढून स्प्रिंग दाबतात, आणि सुटलेला दट्ट्या हवेच्या झोताने ६ मिलिमीटर व्यासाची प्लास्टिकची गोळी पुढे ढकलतो. ०.२० ग्रॅमची गोळी सेकंदाला १०० मीटर वेगाने निघाली तर तिच्यात १ ज्यूल ऊर्जा असते. आपल्याकडील २०१६ च्या शस्त्र नियमांत हवेच्या बंदुकांसाठी २० ज्यूल आणि ४.५ मिलिमीटर व्यास ही मर्यादारेषा आहे. ऊर्जेच्या हिशेबात ही बंदूक त्या रेषेच्या पुष्कळ अलीकडे राहते, पण तिच्या नळीचा व्यास मात्र मोठा आहे. म्हणून ती विकत घेण्याआधी जिल्हाधिकारी कचेरीच्या परवाना शाखेत चौकशी करावी, बिल जपून ठेवावे, आणि रस्त्याने नेताना ती पिशवीबाहेर दिसू देऊ नये. दुरून पाहणाऱ्या पोलीस शिपायाला ज्यूलचा हिशेब कळण्याचे कारण नाही.

जपानातही जून-जुलैमध्ये पावसाळी झड लागते, त्यामुळे या यंत्राच्या कर्त्यांना पाऊस अपरिचित नव्हता. कोकणातला मात्र त्यांच्या गणतीत नसावा. माझ्या एका स्नेह्यांचा मुलगा, जो पुण्यास इलेक्ट्रॉनिक्सच्या धंद्यात आहे, गणपतीत अशी एक बंदूक घेऊन आला आणि त्याच्या मित्रमंडळाने घरच्याच मालकीच्या एका जुन्या चिरेखाणीत खेळ मांडला. जांभ्याच्या सरळसोट कापलेल्या भिंतींमुळे गोळ्या बाहेर जाण्याची भीती नव्हती, आणि तळी पाणी साचलेला भाग दोरी बांधून वर्ज्य केला होता. भुरभुर पावसात खेळ यथास्थित पार पडला, बंदूक एकदाही अडली नाही; संध्याकाळी ती पिशवीत गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी बॅटरी जोडताक्षणी, चापाला कोणाचेही बोट नसताना, ती आपण होऊन सुटली आणि भिंतीवर गोळ्यांचा वर्षाव करू लागली. सुदैवाने तोंड भिंतीकडे होते. मुलाने तात्काळ बॅटरी तोडली आणि यंत्र उघडून माझ्यासमोर टेबलावर मांडले.

चापाच्या मागे तांब्याच्या दोन पट्ट्या असतात आणि चाप ओढला की त्यांचा संयोग होऊन प्रवाह वाहू लागतो. पट्ट्यांवर हिरवट जंगाल चढले होते आणि त्यांच्या मधोमध रात्रभर पिशवीत कोंडलेल्या बाष्पाचा एक थेंब बसला होता. जुन्या घडणीच्या बंदुकीत मोटरीचा सगळा प्रवाह या पट्ट्यांतूनच जातो. थेंबभर पाण्यातून मोटर फिरण्याइतका प्रवाह जाऊ शकत नाही, म्हणून तशी बंदूक अशा वेळी फार तर गप्प बसते. नव्या बंदुकीत मॉसफेट नावाची इलेक्ट्रॉनिक कळ बसवलेली असते, जिला इशाऱ्यापुरता अत्यल्प प्रवाह पुरतो. आणि तो इशारा त्या खाऱ्या थेंबाने दिला. पट्ट्या जळू नयेत म्हणून केलेली सुधारणा ओलीच्या बाबतीत अशी उलटली. यावरून मुलाने जो दंडक घालून घेतला तो मला पटला : पावसाळ्यात बॅटरी जोडण्यापूर्वी गोळ्यांचे मॅगझीन काढलेले असावे, तोंड भिंतीकडे वा जमिनीकडे असावे, आणि डोळ्यांवर चष्मा असावा.

मग त्याने साफसफाई केली ती पाहण्यासारखी होती. पट्ट्या बारीक पॉलिश कागदाने घासून, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून घेतल्या. मॉसफेटच्या पट्टीवर विद्युत्रोधक लाखेचा हात दिला. तारांच्या जोडांवर वीज न वाहणारे ग्रीस लावले. दातेरी चाकांचे ग्रीस पाणी शिरून ताकासारखे दुधी झाले होते, ते सगळे काढून नवे लिथियम ग्रीस जेमतेम लावले, कारण अधिक लावलेले ग्रीस फिरत्या चाकांवरून उडून पट्ट्यांवर जाते. दट्ट्याच्या रबरी कड्याला मात्र सिलिकोन तेलच हवे. खनिज तेलाने रबर फुगते. पितळी पातेल्यात ठेवलेले ताक जसे कोणाच्या लक्षात न येता कळकते, तसे या यंत्रातले प्रत्येक तांबे-पितळ पाऊस न लागताही बिघडत असते, म्हणून नुसते बाहेरून पुसून समाधान मानू नये, असे त्याचे म्हणणे.

नळीच्या तोंडाशी नव्हे, तर मुळाशी एक रबरी नळकांडे असते. ते गोळीला वरून किंचित घासते आणि तिला उलटी फिरत देते. त्या फिरतीमुळेच हलकी गोळी लगेच खाली न पडता सरळ लांब जाते. या रबरावर पाणी वा तेल गेले की पकड सुटते, आणि दहा पावलांवर बरोबर लागणारी बंदूक तीस पावलांवर भलतीकडे मारू लागते. खेळणारे तेव्हा स्प्रिंगला दोष देतात, मोटरीला दोष देतात, आणि भलतेच भाग बदलतात. खरे तर कोरडे फडके गजावर घेऊन नळी दोनदा पुसली असती तरी काम झाले असते. गोळ्यांचेही तसेच. मातीत विरणाऱ्या पर्यावरणस्नेही गोळ्या दमट हवेत उघड्या राहिल्या तर पाणी शोषून फुगतात आणि नळीत अडकतात, कारण नळी व गोळी यांच्यातली फट एका मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याच्याही आतबाहेरच असते. त्यांना घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावे, आणि फोडलेली पिशवी पुढच्या वर्षासाठी राखू नये. चिरेखाणीत वा परसात पडलेल्या साध्या प्लास्टिकच्या गोळ्या वेचून घेण्याविषयी मात्र कोणीच उत्साही दिसत नाही, आणि ही तक्रार नोंदवून ठेवणे मला भाग आहे.

बंदूक समुद्राच्या पाण्यात पडली तर काय, हा प्रश्न मी मुद्दाम विचारला. उत्तर पावसच्या पडवीतल्यासारखेच निघाले. बॅटरी त्याच क्षणी काढावी, आणि मग गोड्या पाण्याने, साधल्यास ऊर्ध्वपातित पाण्याने, सगळे यंत्र निःशंकपणे धुवावे. खारे पाणी तसेच वाळू देणे हाच घात. धुऊन झाल्यावर भाग सुटे करून पंख्याखाली दोन दिवस ठेवावेत, आणि पूर्ण कोरडे झाल्याखेरीज बॅटरी दाखवू नये. शंभर-दीडशे वर्षांपूर्वीची नळी आणि कालची मोटर यांना क्षाराच्या बाबतीत एकच औषध लागू पडावे, हे पाहून अमात्यांच्या हवालदाराची आठवण होणे साहजिक होते. पिशवी, कपाट, महागडी पेटी यांवर विसंबणारा फसतो, उघडून ऊन देणारा तरतो. दोन्ही ठिकाणी मला जे नुकसान दिसले ते भिजल्यामुळे झालेले नव्हते. ओले असताना बंद करून ठेवल्यामुळे झालेले होते.

डोळ्यांची गोष्ट मागे ठेवली ती तिच्या महत्त्वामुळे. दमट हवेत, घामाने आणि श्वासाने, संरक्षक चष्म्याच्या काचेवर आतून बाष्प धरते, समोरचे दिसेनासे होते, आणि खेळाच्या भरात हात चष्म्याकडे जातो. १ ज्यूलची गोळी कातडीवर लाल डाग उठवून थांबते. बुबुळावर ती दृष्टी घेऊन जाऊ शकते. दुहेरी काचेचा चष्मा घ्यावा, काचेला आतून बाष्परोधक द्रव लावावा, आणि तरीही दिसेनासे झाले तर हात वर करून, खेळ थांबवून, मैदानाबाहेर येऊनच चष्मा काढावा. रत्नागिरीच्या श्रावण-भाद्रपदात ही पाळी दर दहा-पंधरा मिनिटांनी येईल, खेळ तुटक होईल, मौज कमी होईल. ती झाली तरी चालेल.

आश्विनात कडक ऊन पडते आणि हवा पावसाळ्यानंतर प्रथमच कोरडी होऊ लागते. ज्यांच्या घरी परवान्याची बंदूक आहे त्यांनी ती याच दिवसांत उघडून, नळीत प्रकाश टाकून आतून पाहावी आणि परवान्याच्या नूतनीकरणाची तारीखही त्याच वेळी तपासावी. ज्यांच्या घरी विजेची बंदूक आहे त्यांनी तिची लिथियम बॅटरी आधी हातात घेऊन पाहावी. प्रत्येक घटकाचा दाब ३.८ व्होल्टच्या आसपास असेल आणि अंग सपाट असेल तर ती पत्र्याच्या डब्यात, लाकूडफाट्यापासून दूर ठेवावी. अंग फुगलेले दिसले तर तिला टाचणीने टोचू नये, पुन्हा चार्ज करून पाहू नये, आणि कृपा करून विहिरीत, खाडीत किंवा घरच्या कचऱ्यात टाकू नये. ई-कचरा घेणाऱ्याकडे ती सुपूर्द करावी.